अमेरिकेतली दोन न्यायव्यवस्था: राज्याचं कोर्ट आणि फेडरल कोर्ट, कुणाचं काम काय?

रारीटनकाठ

मंडळाच्या कार्यक्रमांत, व्हॉट्सॲप गटांत एक वाक्य मी फार वेळा ऐकते: "इथे नाही जमलं तर फेडरल कोर्टात जाऊ, आणि शेवटी सुप्रीम कोर्ट आहेच." घरमालक डिपॉझिट देत नाही, घटस्फोटात मुलांचा ताबा मनासारखा मिळाला नाही, अपघाताची भरपाई कमी ठरली, सगळ्यावर हेच उत्तर. मी न्यू जर्सीत वकिलांच्या कार्यालयात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेविषयक मदतनीस, आहे. या एका समजापायी लोकांचे पैसे आणि मुदती दोन्ही हातचे जाताना पाहते, म्हणून हा धागा काढला.

समज कुठून येतो ते उघड आहे. आपल्या डोक्यात भारतातली रचना असते. तिथे खाली तालुक्याचं दिवाणी न्यायालय, त्यावर जिल्हा न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालय, सर्वांत वर दिल्ली. कायदा संसदेचा असो की विधानसभेचा, वाद याच साखळीतून वर चढतो. अमेरिकेत अशी एक साखळी नाही. दोन पूर्ण व्यवस्था, एक राज्याची आणि एक फेडरल म्हणजे देशपातळीवरची, शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचं खालचं कोर्ट, अपिलाचं कोर्ट आणि सर्वोच्च कोर्ट आहे. राज्याचं कोर्ट हे फेडरल कोर्टाच्या हाताखालचं कोर्ट नाही. न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय भाग) सुपीरियर कोर्टानं दिलेल्या निकालावर नेवार्कच्याच फेडरल इमारतीत अपील करता येत नाही, दोन्ही इमारती एकाच गावात असल्या तरी.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. इथे राज्यं आधी झाली, देश नंतर. तेरा वसाहतींची कोर्टं ब्रिटिश काळापासून चालू होती. १७८७ साली घटना लिहिताना वाद झाला की राष्ट्रीय पातळीवर खालची कोर्टं हवीतच कशाला, राज्यांची आहेत ना. तडजोड अशी निघाली: घटनेच्या तिसऱ्या कलमात एक सर्वोच्च न्यायालय नक्की केलं आणि बाकीची कोर्टं काढायची की नाही हे काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, सोपवलं. काँग्रेसनं २४ सप्टेंबर १७८९ च्या कायद्यानं १३ जिल्हा न्यायालयं आणि ६ न्यायमूर्तींचं सर्वोच्च न्यायालय उभं केलं. ते न्यायमूर्ती कितीतरी वर्षं घोडागाडीनं गावोगाव फिरून खटले ऐकत. स्वतंत्र अपील न्यायालयं आली १८९१ मध्ये.

आजची फेडरल बाजू अशी: ९४ जिल्हा न्यायालयं. न्यू जर्सीचा सगळा मिळून एकच जिल्हा आहे, इमारती नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डनला. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यू यॉर्क यांचे प्रत्येकी चार जिल्हे. त्यावर १३ अपील न्यायालयं: भौगोलिक १२, आणि पेटंटसारख्या ठरावीक विषयांसाठी १९८२ साली काढलेलं फेडरल सर्किट. आमचं थर्ड सर्किट फिलाडेल्फियात बसतं. सर्वांत वर नऊ जण, ही संख्या १८६९ पासून कायम आहे. हे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि पद तहहयात असतं.

फेडरल कोर्टात काय चालतं? घटना आणि फेडरल कायदे यांवरून उठणारे वाद, फेडरल गुन्हे, दिवाळखोरी, पेटंट, कॉपीराइट, अमेरिकी सरकारविरुद्धचे दावे, आणि वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधले ७५ हजार डॉलरच्या वरचे वाद. उरलेलं सगळं राज्याच्या कोर्टात: लग्न, घटस्फोट, मुलं, मृत्युपत्र, घरभाडं, जमीन, करार, अपघात, बहुतेक सगळी गुन्हेगारी, वाहतुकीचा दंड. देशात दाखल होणाऱ्या खटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त राज्यांच्या कोर्टांत जातात. टीव्हीवर वॉशिंग्टनचे ते पांढरे खांब दिसतात, पण तुमच्या-माझ्या आयुष्यातला निकाल काउंटीच्या इमारतीत लागतो.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा. वॉशिंग्टनचं कोर्टसुद्धा तो बदलू शकत नाही. १९८८ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात सांगितलं की रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या पोलीस वॉरंटशिवाय तपासू शकतात. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं 'हेम्पल' खटल्यात उलट निकाल दिला: आमच्या राज्याच्या घटनेनुसार वॉरंट लागेल. तो निकाल टिकला, कारण तो राज्याच्या घटनेवर उभा होता. राज्य नागरिकाला फेडरल घटनेपेक्षा जास्त हक्क देऊ शकतं, कमी नाही. मला ही रचना मनापासून आवडते.

राज्याच्या कोर्टातून वॉशिंग्टनला जायची वाट एकच: राज्यातली सगळी अपिलं संपली पाहिजेत आणि वादात फेडरल कायद्याचा किंवा घटनेचा प्रश्न असला पाहिजे. त्यानंतरही ऐकायचं की नाही ही त्यांची मर्जी. नऊपैकी चौघांनी होकार द्यावा लागतो. वर्षाला हजारो अर्ज येतात, पूर्ण सुनावणी साठ-सत्तरच्या आसपास प्रकरणांना मिळते.

तुमच्या तुमच्या राज्यात कसं आहे ते लिहा. मला न्यू जर्सीचं रोजचं माहीत आहे, बाकीचं वाचून.

डॅलसकर

चांगला विषय. टेक्ससचं लिहितो, कारण आमच्याकडे सर्वोच्च कोर्टंच दोन आहेत. दिवाणीसाठी टेक्सस सुप्रीम कोर्ट आणि फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स, दोन्हींत नऊ-नऊ जण. फाशीच्या शिक्षेचं अपील थेट दुसऱ्याकडे जातं. अशी दोन टोकं आणखी फक्त ओक्लाहोमात आहेत.

आणि इथे न्यायाधीश निवडून येतात, तेही पक्षाच्या नावासकट. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिका उघडली की राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात होते आणि खाली जिल्हा न्यायाधीश, काउंटी न्यायाधीश, जस्टिस ऑफ द पीस अशी नावांची रांग संपता संपत नाही. बरेच आपले लोक वरची चार नावं भरून बाहेर पडतात. मी हात जोडून सांगतो, खालची नावं वाचा. घरमालक-भाडेकरूचा वाद, २० हजार डॉलरपर्यंतचा पैशांचा दावा हे त्या जस्टिस ऑफ द पीससमोर चालतं. राष्ट्राध्यक्षाची सही तुमच्या कागदावर कधी येणार नाही, याची येऊ शकते.

नागपूर_खंडपीठ

मी नागपूरला वकिली करतो, अमेरिकेत राहिलेलो नाही. लेख आवडला, पण एक बाजू मांडतो.

ही दुहेरी व्यवस्था आपल्याकडे येऊ शकली असती आणि ती विचारपूर्वक नाकारली गेली. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कला कोलंबियात होते, अमेरिकेची रचना त्यांना चांगली ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की भारतात केंद्र आणि राज्य अशी दोन सरकारं असली तरी न्यायव्यवस्था दुहेरी नसेल. उच्च न्यायालयं आणि सर्वोच्च न्यायालय मिळून एकच. दाद मागायच्या पद्धतीत प्रांतागणिक फरक राहू नये हा त्यामागचा हेतू होता. जातीच्या अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्या माणसाला त्याच्या प्रांतातल्या बड्या लोकांच्या मर्जीवर सोडायचं नाही, असा अर्थ मी त्यातून काढतो.

त्याआधी आपल्याकडे 'फेडरल कोर्ट' नावाची संस्था होतीही. १९३५ च्या कायद्यानं आलेली, १ ऑक्टोबर १९३७ ला दिल्लीत सुरू झालेली. पहिल्या तिघा न्यायाधीशांत सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जयकर पुढे १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्याय समितीवर गेले. पण ते कोर्ट अमेरिकी धर्तीचं नव्हतं. त्याच्या खाली स्वतःची कोर्टं नव्हती. प्रांतांमधले वाद आणि त्या कायद्याच्या अर्थाचे प्रश्न तेवढे तिथे यायचे. २६ जानेवारी १९५० ला त्याची जागा सर्वोच्च न्यायालयानं घेतली.

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे: एकाच देशात एका राज्यात कचरा तपासायला वॉरंट लागतं आणि दुसऱ्यात नाही, यात सामान्य माणसाचं काय भलं?

रारीटनकाठ

@नागपूर_खंडपीठ, सर, आंबेडकरांचा संदर्भ दिलात याबद्दल फार आभार. ही जोडणी माझ्या लेखात असायलाच हवी होती इतकी ती महत्त्वाची आहे.

तुमच्या शंकेत तथ्य आहे, आणि अमेरिकेचाच इतिहास तुमच्या बाजूनं साक्ष देतो. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कोर्टांनी काळ्या नागरिकांना कित्येक दशकं न्याय नाकारला, तो शेवटी फेडरल कोर्टांतून मिळवावा लागला. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा 'ब्राउन' खटला कॅन्ससच्या फेडरल जिल्हा न्यायालयातून वर गेला होता. राज्याच्या कोर्टानं दोषी ठरवलेल्या कैद्यालाही घटनेचा भंग झाला असेल तर हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्धच्या, अर्जानं फेडरल कोर्टात येता येतं. वर मी जी भिंत सांगितली तिच्यातला हा एक खरा दरवाजा. त्याच्या अटी कडक आहेत, मुदत साधारण एक वर्षाची.

पण फेडरल कोर्ट हक्क कमी करतं तेव्हा राज्याचं कोर्ट आधार देतं, हेही तितकंच खरं. मला दोन दारं असलेली बरी वाटतात. तुमचा अनुभव वेगळा आहे आणि आपल्या देशाची गरज वेगळी होती, हे मान्य.

नागपूर_खंडपीठ

मान्य. राज्याराज्यांमधल्या भांडणांत मात्र दोन्ही देश एकाच जागी येतात. आपल्या घटनेच्या कलम १३१ खाली असा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात. बेळगाव, कारवार, निपाणीबद्दल महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा त्याच कलमाखाली आहे आणि सीमाभागातली माणसं अजून वाट पाहत आहेत. पाणीवाटप मात्र कलम २६२ मुळे लवादांकडे, म्हणून कृष्णा आणि गोदावरी लवाद. अमेरिकेत नद्यांचे वाद कोण सोडवतं?

रारीटनकाठ

पाणीसुद्धा सर्वोच्च न्यायालयच. दोन राज्यांमधला दावा खालच्या कुठल्याही कोर्टात चालत नाही. न्यायमूर्ती स्वतः साक्षी-पुरावे घेत नाहीत, एक 'स्पेशल मास्टर' नेमतात, तो वर्षानुवर्षं पुरावे ऐकून अहवाल देतो. आर्कान्सा नदीच्या पाण्यावरून कॅन्सस आणि कोलोरॅडो यांचं भांडण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा तिथे गेलेलं आहे.

सीमेचं आमच्या दारातलं उदाहरण आहे एलिस आयलंड. जिथे लाखो स्थलांतरितांची नोंद झाली ते बेट कुणाचं, यावर न्यू जर्सीनं न्यू यॉर्कवर दावा लावला. १८३४ सालच्या दोन राज्यांच्या करारापर्यंत कागद मागे गेले. १९९८ मध्ये निकाल लागला: मूळची तीनेक एकर जमीन न्यू यॉर्कची, भराव घालून वाढवलेली चोवीसेक एकर न्यू जर्सीची. सीमारेषा इमारतींमधून जाते. बेळगावकरांना काय वाटत असेल याची कल्पना अशा वेळी येते, फरक इतकाच की एलिस आयलंडवर कुणाची शाळा आणि भाषा पणाला लागलेली नव्हती.

सॅन_होजे_९५

माझा सरळ व्यवहारातला प्रश्न. मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात राहतो. लेक टाहोहून येताना नेवाडाच्या एका माणसानं मागून धडक दिली, मणक्याचं ऑपरेशन झालं, बिल मोठं आहे. हे राज्याचं कोर्ट की फेडरल? मी तर कुठल्याच राज्याचा 'नागरिक' नाही.

रारीटनकाठ

आधी तब्येत सांभाळा. वकील लगेच गाठा, कॅलिफोर्नियात इजेच्या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते.

आता प्रश्न. परदेशी नागरिक विरुद्ध अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा नागरिक, आणि रक्कम ७५ हजारांच्या वर, हे फेडरल कोर्टात जाऊ शकतं. तुम्ही भारताचे नागरिक, तो नेवाडाचा, त्यामुळे बसतं. तुम्ही ग्रीन कार्डवाले असता आणि दोघं एकाच राज्यात कायमचे राहत असता तर बसलं नसतं. तुम्ही राज्याच्या कोर्टातही दावा लावू शकता. मग समोरचा माणूस दाव्याची कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत खटला फेडरल कोर्टात हलवू शकतो. हे हलवणं नेहमी प्रतिवादीच्या हातात असतं.

याची दुसरी बाजू आपल्या लोकांना ठाऊक नसते: दोन्ही पक्ष परदेशी नागरिक असतील तर या वाटेनं फेडरल कोर्टात जाताच येत नाही, रक्कम कितीही असो. दोन एच-१बीवाल्या मित्रांनी मिळून घर घेतलं किंवा धंद्यात पैसे घातले आणि फाटलं, तर ते राज्याच्याच कोर्टात.

आणि फेडरल कोर्टात गेलात तरी कायदा लागतो तो राज्याचाच. हे १९३८ च्या 'एरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स' पासून पक्कं आहे. टॉम्पकिन्स पेनसिल्व्हेनियात रात्री रुळांच्या कडेनं चालत घरी निघाला होता, जाणाऱ्या मालगाडीतून काहीतरी बाहेर आलेलं, बहुधा उघडं दार, त्याला लागलं आणि त्याचा हात गेला. रेल्वे कंपनी न्यू यॉर्कची, म्हणून दावा तिथल्या फेडरल कोर्टात. ज्युरीनं ३० हजार डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं: फेडरल न्यायाधीशांनी स्वतःचा वेगळा 'कॉमन लॉ', म्हणजे निकालांतून घडणारा कायदा, बनवायचा नाही, पेनसिल्व्हेनियाचा कायदा लावा. त्या कायद्यानं तो रुळांवर आगंतुक ठरला आणि त्याला काहीच मिळालं नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला पहिल्या वर्षी शिकवतात. मला दर वेळी त्या माणसाचं वाईट वाटतं.

ठाण्याची_लेक

माझ्या जवळच्या नात्यातल्या मुलीचं घटस्फोटाचं प्रकरण न्यू जर्सीत चालू आहे. नवरा म्हणतो "मी फेडरलला नेईन". तिकडे ठाण्याला त्यानं वेगळा अर्जही केलाय. ती बिचारी दोन्हीकडून धास्तावली आहे. मूल साडेचार वर्षांचं, इथेच जन्मलेलं.

रारीटनकाठ

ताई, तिला एवढं तरी आजच सांगा: घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा यांत फेडरल कोर्ट पडत नाही. नवरा-बायको वेगळ्या राज्यांत राहत असले, रक्कम मोठी असली तरीही नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलेलं आहे. त्यामुळे "फेडरलला नेईन" ही नुसती धमकी आहे. तिचं प्रकरण काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्येच चालेल.

मुलाच्या ताब्याबद्दल जवळजवळ सगळ्या राज्यांत एकसारखा कायदा आहे: मूल आधीचे सहा महिने ज्या राज्यात राहिलं त्या राज्याच्या कोर्टाचा पहिला अधिकार. मूल न्यू जर्सीत असेल तर ते न्यू जर्सी. फेडरल कायदा कुठे येतो? मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेलं तर हेग कराराखाली, म्हणजे असं नेलेलं मूल परत मिळवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली. मूल अमेरिकेत आणलेलं असेल तर ते अर्ज इथल्या राज्याच्या किंवा फेडरल, दोन्हीपैकी कुठल्याही कोर्टात करता येतात. पण भारत त्या करारात नाही. मूल एकदा भारतात गेलं की तिथल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस किंवा कुटुंब न्यायालयात ताब्याचा अर्ज, आणि तिथे मुलाचं हित काय ते नव्यानं तपासतात. म्हणून मुलाचा पासपोर्ट कुणाकडे आहे हे तिनं आपल्या वकिलाला या आठवड्यात सांगावं. प्रवासावर बंदीचा आदेश मागता येतो.

ठाण्याच्या अर्जाबद्दल नागपूरचे सर सांगतील.

नागपूर_खंडपीठ

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ पाहावं लागेल. १९९१ च्या नरसिंह राव निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टानं त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून मोडलं तर तो हुकूमनामा इथे सहसा मानला जात नाही. दोघंही स्वेच्छेनं तिथे हजर राहून संमतीनं घेतला असेल तर गोष्ट वेगळी. न्यू जर्सीत 'मतभेद मिटण्यासारखे नाहीत' या कारणावर निकाल मिळेल, पण ते कारण आपल्या कायद्यात नाही. म्हणून ठाण्याच्या अर्जाकडे दुर्लक्ष करू नका. वकीलपत्र द्या, हजेरी लावा, हरकत नोंदवा. एकतर्फी निकाल लागला तर पुढे फार त्रास होतो.

ठाण्याची_लेक

दोघांचे खूप आभार. आत्ताच तिला फोन करते.

जुनी_दप्तरं

एक ऐतिहासिक भर घालतो, कारण दोन व्यवस्था एकमेकींत कशा गुंततात ते यातून फार छान दिसतं.

१९२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते सखाराम गणेश पंडित. ते लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत आणि स्वतः अमेरिकेचे नागरिक होते. त्या काळी नागरिकत्व राज्याची कोर्टंही देत असत आणि पंडितांना ते १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टानं, म्हणजे राज्याच्या कोर्टानं दिलेलं होतं.

थिंद निकालानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायची मोहीम सुरू केली. पंडितांवर फेडरल कोर्टात दावा लावला. बाकीचे बहुतेक हरले. पंडित लढले. त्यांचं म्हणणं होतं की राज्याच्या कोर्टानं सुनावणी घेऊन निर्णय दिला, सरकारला तेव्हा माहिती होती, त्यांनी अपील केलं नाही, आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये नाइन्थ सर्किट या फेडरल अपील न्यायालयानं ते मान्य केलं आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. एका राज्याच्या कोर्टाचा बारा वर्षं जुना हुकूम अख्ख्या फेडरल सरकारपुढे टिकला. त्यानंतर सरकारनं उरलेल्या भारतीयांवरचे दावेही सोडले.

हे नाव आपल्या मंडळांच्या व्यासपीठांवरून घेतलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

डॅलसकर

हे माहीतच नव्हतं! फार छान.

आज इमिग्रेशन कोर्टाबद्दलही गैरसमज असतो. नाव कोर्ट असलं तरी ते न्यायव्यवस्थेचा भाग नाही. ते न्याय खात्याच्या, म्हणजे सरकारच्याच हाताखाली आहे. न्यायाधीशांना तहहयात पद नाही, त्यांना ॲटर्नी जनरल नेमतात. त्यांच्या निर्णयावर त्याच खात्याच्या अपील मंडळाकडे जायचं आणि तिथून पुढे सर्किट कोर्टात. खऱ्या अर्थानं स्वतंत्र न्यायाधीश बहुतेकांना तिथे पहिल्यांदा भेटतो.

एडिसन_वाचक

एक शंका. एकाच गुन्ह्यासाठी राज्य आणि फेडरल दोघंही खटला भरू शकतात का? दोनदा शिक्षा नको असं घटनेतच आहे ना?

रारीटनकाठ

भरू शकतात. पाचव्या दुरुस्तीत एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा खटला नको असं आहे, पण राज्य आणि देश ही दोन वेगळी सार्वभौम सरकारं मानतात, म्हणून दोघांचे गुन्हे वेगळे. २०१९ च्या 'गॅम्बल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सात विरुद्ध दोननं कायम ठेवलं. त्यात बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल अलाबामानंही शिक्षा दिली होती आणि फेडरल कोर्टानंही. मला व्यक्तिशः हे पटत नाही. ज्याच्या हातात बेड्या पडतात त्याला दोन सार्वभौम सरकारं दिसत नाहीत.

याचंच दुसरं टोक: राष्ट्राध्यक्ष फक्त फेडरल गुन्ह्यांना माफी देऊ शकतात. राज्याच्या शिक्षेला माफी देणं त्या राज्याच्या गव्हर्नरच्या किंवा माफी मंडळाच्या हातात.

एडिसन_वाचक

आणि ज्युरी ड्यूटी? नागरिकत्व घेतल्यावर मला काउंटीचं पत्र आलं, मिसेसना फेडरलचं. दोन्ही वेगळी कशी?

रारीटनकाठ

दोन्ही व्यवस्थांच्या याद्या वेगळ्या. काउंटीच्या कोर्टात पहिले तीन दिवस रोजचे ५ डॉलर, पुढे ४०. फेडरलमध्ये ५० पासून सुरुवात. आमच्या राज्यात दिवाणी खटल्याला साधारण सहा जणांची ज्युरी, सहापैकी पाच जणांचं एकमत पुरतं. फेडरल कोर्टात सगळ्यांचं एकमत लागतं. गंभीर फौजदारी खटल्यात आता सगळीकडे एकमत हवं, २०२० मध्ये लुइझियानाच्या खटल्यात तसं ठरलं.

कृपया पत्र टाळू नका. आपल्याकडे नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एकनं निर्दोष म्हटलं आणि उच्च न्यायालयानं ते फिरवलं. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी उरलीच नाही. त्यामुळे आपल्या पिढीला ही सवय नाही. पण ज्युरीच्या बाकांवर आपल्यासारखी माणसं बसली नाहीत, तर आपल्यापैकी कुणी आरोपी किंवा वादी म्हणून उभं राहील तेव्हा त्याचं ऐकणाऱ्यांत आपली भाषा, आपलं घर समजणारं कुणीच नसेल. नक्की जा.

सॅन_होजे_९५

शेवटचा प्रश्न. एखाद्याला दाव्याचा कागद आला तर पहिलं काय बघायचं?

रारीटनकाठ

सर्वांत वरची ओळ. तिथे कोर्टाचं नाव असतं. 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' असेल तर फेडरल, आणि उत्तर द्यायला २१ दिवस. 'सुपीरियर कोर्ट ऑफ न्यू जर्सी' असेल तर ३५ दिवस. कॅलिफोर्नियाच्या सुपीरियर कोर्टात ३०. न्यू यॉर्कमध्ये कागदावर 'सुप्रीम कोर्ट' असं छापलेलं असेल तर घाबरू नका, तिथे ते खालचं कोर्ट आहे. सर्वांत वरचं 'कोर्ट ऑफ अपील्स', ऑल्बनीत. फेडरल खटल्याचे कागद 'पेसर' नावाच्या संकेतस्थळावर पानाला १० सेंटनं मिळतात, तिमाहीत ३० डॉलरपर्यंत बिलच लावत नाहीत. राज्यांची संकेतस्थळं वेगवेगळी.

डॅलसकर

टेक्ससचं राहिलं. जिल्हा किंवा काउंटी कोर्टाचा कागद असेल तर कागद हातात पडल्यापासून २० दिवस मोजा, त्यानंतरचा जो सोमवार येईल त्या दिवशी सकाळी १० च्या आत उत्तर दाखल करा. जस्टिस कोर्टात मुदत आणखी कमी, चौदाव्या दिवसाच्या अखेरीपर्यंत.